हुनर यंत्रात जाणारच. पण घेऊन कोण जाणार?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सोलापुरात नवे दुकान उघडायचे म्हटले की मालक आधी पेंटरचे घर गाठत असे. नाव मराठीत वर घ्यायचे की उर्दूत, अक्षर किती जाड ठेवायचे, पिवळ्यावर लाल उठेल की काळे, रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्याला वाचता येईल की नाही, हे सारे तोच ठरवी. त्याच्या हाताखाली दोन-चार शागिर्द तयार होत. पुढे फ्लेक्सचे यंत्र आले आणि दोन दिवसांचा बोर्ड तासाभरात निघू लागला. पेंटरांपैकी कोणी घरांना रंग देऊ लागले, कोणी रिक्षा घेतली, कोणी मुलाला गॅरेजवर बसवले. हातातली कला हातातच राहिली.

हीच गत उर्दू लग्नपत्रिका आणि पोस्टर लिहिणाऱ्या कातिबांची झाली. आता चादरीचे आणि टॉवेलचे नक्षे काढणाऱ्यांनाही तीच धास्ती आहे. म्हणून अनेक आईवडील आम्हाला विचारतात, "मुलाचा हात चांगला आहे, चित्रे सुरेख काढतो, पण यावर पोट भरेल का?" या प्रश्नाचे एक उत्तर आज असे आहे की मोबाईलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर जे दिसते, त्याची रचना करणे हा आता एक स्वतंत्र पेशा झाला आहे. त्याला डिजिटल प्रॉडक्ट डिझाईन म्हणतात. हे काम कोणते, त्यात आपल्या कारागिराला जागा आहे का आणि त्यातले धोके कोणते, याचा विचार या लेखात करू.

चादरीची चौकट आणि पडद्याची चौकट

सोलापूरच्या माणसाला हे काम समजावून सांगणे सोपे आहे, कारण त्याचे मूळ आपल्या मागावर आहे. जेकार्डची चादर विणायची तर आधी नक्षा काढतात. मग तो चौकटीच्या कागदावर उतरवतात. कागदावरची प्रत्येक उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. जी चौकट भरली तिथे धागा उचलायचा, जी रिकामी राहिली तिथे नाही. त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोके पाडतात आणि ती कार्डे ओळीने बांधून मागावर चढवतात. पुढे माग स्वतःच मोर विणत जातो.

फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जेकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ही युक्ती पक्की केली. १८३९ साली त्याच शहरात जेकार्डचेच एक रेशमी चित्र विणले गेले आणि त्याला सुमारे २४ हजार कार्डे लागली. वॉल हँगिंग विणणाऱ्या सोलापूरकरांना त्या आकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. इंग्लंडचे गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याकडे हे चित्र होते. आपल्या नियोजित गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी त्यांनी भोकांच्या कार्डांचीच कल्पना घेतली. संगणकाच्या घराण्यात माग हा असा जुना बुजुर्ग आहे.

मोबाईलचा पडदाही बारीक चौकटींचाच बनलेला असतो. एकेका चौकटीला रंग दिला की अक्षर उमटते, बटण उमटते, चित्र उमटते. ही ओळख किती उपयोगी पडते याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. सुसान केअर यांनी ललित कलेत डॉक्टरेट मिळवली होती आणि त्या शिल्पे घडवीत होत्या. १९८२ साली ॲपल कंपनीत काम करणाऱ्या त्यांच्या शाळेतल्या मित्राने त्यांना नव्या संगणकासाठी लहान चित्रे काढाल का, असे विचारले. त्यांना संगणकाचे काम येत नव्हते. त्यांनी चौकटींची वही घेतली आणि ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ चौकटींत कचऱ्याचा डबा, कागद, ब्रश अशी चित्रे भरली. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक बाजारात आला तेव्हा ती चित्रे त्यात होती. आज मोबाईलवर फोटो पुसायला आपण कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवतो, ती चाल लोकांत रुळवण्यात त्या वहीचा मोठा वाटा आहे. भरतकाम आणि रंगीत खड्यांची नक्षी अशा जुन्या कलांची जाण या कामात आली, असे त्यांनी सांगितले आहे.

आपल्याकडची दोन उदाहरणे

इतक्या लांब जायचे नसेल तर मुंबईचे र. कृ. जोशी पाहा. १९३६ साली जन्मलेले हे मराठी सुलेखनकार. जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी बरीच वर्षे कला-दिग्दर्शक म्हणून काढली. १९८३ ते १९९६ या काळात ते मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत होते. निवृत्तीच्या वयाला लोक घरी बसतात. ते सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय केंद्रात संगणकाची भारतीय अक्षरे घडवण्याच्या कामाला लागले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये येणारी 'मंगल' ही देवनागरी अक्षरे त्यांच्या हातची. सरकारी कचेरीतून मिळणारे मराठी कागद आपण कितीदा याच अक्षरांत वाचले असतील. २००८ साली ते वारले. बोरूचे वळण ज्याला ठाऊक होते, त्यानेच ते यंत्रात नेले.

दुसरे उदाहरण उर्दूचे. नस्तालीक लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि शब्द उतरत्या चालीने बसतो. त्यामुळे खिळ्यांच्या छपाईला ती दाद देत नव्हती आणि वर्तमानपत्रे कातिबांच्या हाताने लिहिली जात. कराचीचे खुशनवीस आणि छपाई व्यावसायिक मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे हजारो जोड एकेक करून हाताने लिहिले आणि ब्रिटनच्या मोनोटाईप कंपनीच्या यंत्रात बसवले. हीच 'नूरी नस्तालीक'. १९८१ साली लाहोरचा 'जंग' तिच्यात निघू लागला. पुढे १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' आणले आणि गावोगावच्या उर्दू छपाईचे रूपच पालटले.

या दुसऱ्या उदाहरणात आपल्यासाठी इशारा आहे. एका खुशनवीसाचा हात यंत्रात गेला आणि नस्तालीक वाचली. पण बाहेर उभ्या असलेल्या शेकडो कातिबांचे काम गेले. त्यांचा हात कमी दर्जाचा होता असे नाही. यंत्र येत असताना त्याच्या आत काय घालायचे हे ठरवणाऱ्यांत ते नव्हते, एवढेच. हुनर यंत्रात जाणारच, ते कोणाला अडवता आलेले नाही. ते घेऊन जाणारा कारागीर स्वतः असेल तर रोजी त्याच्या हाती राहते. दुसरा कोणी असेल तर कारागिराच्या हाती फक्त आठवण राहते. आम्हाला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच.

काम नेमके काय असते?

समजा, विजापूर वेशीतील एका कापड दुकानदाराला उधारीची वही मोबाईलवर आणायची आहे. संगणकाची भाषा लिहिणारा प्रोग्रामर आकडे साठवण्याची आणि बेरजेची सोय करील. पण दुकान उघडताच पडद्यावर आधी काय दिसावे? गिऱ्हाइकाचे नाव की आजची येणी? जमा आणि नावे यांची बटणे शेजारी ठेवली तर घाईत चुकीचे दाबले जाईल का? ईदच्या आधीच्या गर्दीत एका हाताने कापड धरून दुसऱ्या अंगठ्याने नोंद होईल का? दुपारच्या उन्हात अक्षर दिसेल का? चाळिशी लागलेल्या मालकाला चष्म्याशिवाय वाचता येईल का? पोराने चुकून शून्य जास्त टाकले तर ते परत कसे फिरवायचे? या सगळ्याची उत्तरे शोधणे हे रचनाकाराचे काम.

तो आधी दुकानात बसून राहतो. लोक कसे लिहितात, कुठे अडतात, काय विसरतात, हे पाहतो. मग कागदावर पेन्सिलीने पाच-सहा पडदे काढतो. ते कागद दुकानातल्या पोराच्या हाती देऊन म्हणतो, "समज हा मोबाईल आहे, एक उधारी लिही." पोराचे बोट जिथे थबकते तिथे चूक आहे असे समजायचे. ती दुरुस्त करायची आणि पुन्हा दाखवायचे. हे जमले की मगच संगणकावर रंग, अक्षर आणि आकार नीट बसवायचे.

यात आपल्या कारागिराला नवे असे फार थोडे आहे. पूर्ण माल विणण्याआधी नमुन्याचा तुकडा काढून पाहण्याची रीत प्रत्येक कारखान्यात आहे. एका कार्डात एक भोक चुकले तर नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत तोच डाग पुन्हा येतो, हे नक्षेवाल्याला पाठ असते. पडद्यावरची चूकही तशीच. एका जागी केली की लाखो मोबाईलवर उमटते. लांबून वाचता येईल असे अक्षर काढणाऱ्या पेंटरला बटणावरच्या अक्षराचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही.

सोलापूरच्या मुलाजवळ आणखी एक भांडवल आहे. घरी दखनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी, शेजारी तेलुगू आणि बाजारात कन्नड ऐकत तो मोठा होतो. देशातली कोट्यवधी माणसे मोबाईल वापरतात त्यांना 'सबमिट' म्हणजे काय हे कळत नाही, 'पाठवा' म्हटले की कळते. उर्दूसाठी सारा पडदा उजवीकडून डावीकडे फिरवावा लागतो. ज्याला या गोष्टी अनुभवाने ठाऊक आहेत, त्याचे मत कामाला येते.

नावाचेच उदाहरण घ्या. ऑनलाइन अर्जात पहिले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्याकडे कोणाचे 'शेख' आधी येते, कोणाचे शेवटी. कोणाच्या एका नावात तीन शब्द असतात, तर कोणाला आडनावच नसते. मग आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि बँकेत तिसरे असे होते. शिष्यवृत्ती अडते, पासपोर्टला हेलपाटे पडतात. आम्हीही अशा खिडक्यांपुढे उभे राहिलो आहोत. हा दोष मुद्दाम केलेला नसतो. रकाना आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपले नाव नव्हते, म्हणून तो राहतो. तो रकाना आखणाऱ्यांत आपला एखादा मुलगा किंवा मुलगी असणे हा नुसता पगाराचा प्रश्न नाही.

फरक कुठे आहे?

मात्र सुंदर चित्र काढता येते म्हणून हे काम आलेच, असे समजू नये. चादर गिऱ्हाईक पाहते, आवडली तर घेते. पडदा माणूस वापरतो. दिसायला देखणा पण वापरायला अडचणीचा पडदा म्हणजे उसवलेला कोट. कलावंताला आपल्या कामावर प्रेम असते. इथे मात्र अडाणी माणसाचे बोट थबकले की आपले आवडते काम पुसायची तयारी लागते. आम्हाला वाटते, कलेतून इकडे येणाऱ्यांना सर्वांत अवघड जाते ते हेच.

दुसरे म्हणजे हे एकट्याचे काम नाही. प्रोग्रामर, मालक, विक्रीची माणसे यांच्यापुढे बसून, हे बटण इथेच का, ते शब्दांत सांगावे लागते. त्यासाठी कामापुरते इंग्रजी हवेच. ते बोलण्यात डौल नसला तरी चालते, पण वाचलेले समजले पाहिजे.

तिसरी गोष्ट इमानाची. काही ॲप मुद्दाम फसवी रचलेली असतात. न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे, 'शेवटची दहा मिनिटे' अशी खोटी घाई लावणे, वर्गणी सुरू करायला एक बटण पण बंद करायला दहा पायऱ्या ठेवणे, असे हे प्रकार आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्यासाठी हा नियम नवा नाही. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआन शरीफात 'अल्-मुतफ्फिफीन' ही सूरहच आहे. तराजूत पासंग ठेवणे आणि पडद्यावर छुपी खूण आधीच लावून ठेवणे यांत आम्हाला फरक दिसत नाही. मालकाने असे काम सांगितले तर नाही म्हणण्याची हिंमत या पेशात पहिल्या दिवसापासून ठेवावी लागेल.

खर्च, वेळ आणि धोका

आता पैशाचे बोलू. सहा महिन्यांत नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणारे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. कर्ज काढून, त्यातही व्याजाचे कर्ज काढून, असा कोर्स करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. प्राथमिक शिक्षणाला फारसा पैसा लागत नाही. या कामात सर्रास वापरले जाणारे 'फिग्मा' हे सॉफ्टवेअर सुरुवातीच्या कामासाठी फुकट मिळते आणि इंटरनेटवरच चालते. एक बऱ्या अवस्थेतला जुना लॅपटॉप पुरे. मोबाईलवर मात्र हे शिकता येणार नाही.

चालू धंदा सोडू नये. नक्षा काढणाऱ्याने नक्षे काढत राहावे आणि रोज इशानंतर दोन तास शिकण्याला द्यावेत. वर्षभरात तीन कामे अशी तयार करावीत की जी कोणालाही दाखवता येतील. ती मोठ्या कंपन्यांच्या ॲपची नक्कल नसावीत. आपल्या मोहल्ल्यातल्या खऱ्या अडचणींवर असावीत: शिंप्याच्या मापांची वही, टॉवेल कारखान्याचे ऑर्डर-बुक, जमातीच्या बैतुल-मालचा हिशेब. आधी काय अडचण होती, किती जणांना विचारले, कुठे चुकलो, काय बदलले, हे प्रत्येक कामासोबत लिहून ठेवावे. नोकरी देणारा चित्रापेक्षा ही नोंद अधिक बारकाईने पाहतो.

शिकत्या मुलांसाठी रस्ता वेगळा आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या मुलामुलींची चित्रकला तिथेच थांबू देऊ नये. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला 'यूसीड' ही परीक्षा देता येते. २०१५ पासून मुंबई आयआयटीत डिझाईनची पदवी सुरू आहे, तिचा प्रवेश याच परीक्षेतून होतो. पदवीधरांसाठी 'सीड' ही परीक्षा असून तिला वयाची अट नाही. या परीक्षा कठीण आहेत आणि इंग्रजीत असतात. पण त्यांत पाठांतरापेक्षा डोळा आणि हात तपासला जातो. घरी बसून जरीकाम, मेंदी आणि भरतकामाचे नमुने काढणाऱ्या मुलींनी यावर जरूर विचार करावा. हे काम घरून करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत.

धोका लपवणे बरोबर नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने दोन ओळी लिहिताच तयार पडदा काढून देतात. त्यामुळे नुसते चकचकीत पडदे काढणाऱ्या नवशिक्याची किंमत उतरली आहे. सुरुवातीच्या नोकऱ्यांसाठी गर्दीही फार आहे आणि बहुतेक नोकऱ्या पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर इथे आहेत. ज्याच्यावर आज सहा माणसांचे पोट आहे त्याने एकदम उडी घेऊ नये. पण यंत्राला हे ठाऊक नसते की शिंपी माप लिहिताना खांद्यापासून सुरुवात करतो, की शेखसाहेबांचे नाव तीन रकान्यांत मावत नाही. ते दुकानात बसून पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असते. यापुढे या पेशात टिकेल ते हेच ज्ञान.

व्यापारी बंधूंनाही आमची एक विनंती आहे. तुमच्या कारखान्याचा कॅटलॉग, ऑर्डरची पद्धत, बिलाची वही यांत रोज काहीतरी अडत असणारच. ते काम पुण्याच्या कंपनीला देण्याआधी आपल्याच नक्षेवाल्याला किंवा त्याच्या मुलाला एकदा करून पाहू द्या. योग्य मोबदला द्या, फुकट करून घेऊ नका. त्याचे पहिले खरे काम तुमच्या दुकानात होईल आणि तुमची अडचण तुमच्या भाषेत सुटेल.

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे आपल्याच जिल्ह्याचे. त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली, फर्निचरच्या दुकानासाठी लाकडी खेळणी घडवली आणि मग जगाला त्यांचे नाव कळले. हात तोच होता. कुठे कॅनव्हास मिळाला, कुठे लाकूड. आपल्या नक्षेवाल्याच्या, पेंटरच्या आणि कातिबाच्या मुलासमोर आज काचेचा पडदा आहे. त्याने चौकटींची वही बाहेर काढावी आणि उद्या सकाळी शेजारच्या दुकानात जाऊन विचारावे, "भाईजान, हिशेब लिहिताना तुमचे कुठे अडते?" सुरुवात तिथून होते. अल्लाह तआला आपल्या हुनरमंदांच्या हातात आणि रोजीत बरकत देवो.